पाइप शेजाऱ्यांच्या अंगणात, पाणी आपलं

एका वाचक भगिनींचं पत्र :

"आमचं आणि शेजारच्या काकांचं घर एकाच मालकाने बांधलं आणि पुढे वेगवेगळं विकलं. आमच्या संडास-बाथरूमची लाइन आमच्या मागच्या चेंबरमधून निघते, काकांच्या अंगणाखालून जाते आणि रस्त्यावरच्या मोठ्या लाइनला मिळते. काकांच्या घरचं पाणीही त्यांच्या अंगणातल्या चेंबरमध्ये याच लाइनला येऊन मिळतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी अंगणात फरशी घातली तेव्हा ते चेंबर फरशीखाली गेलं. गेला महिनाभर आमच्या खालच्या बाथरूमच्या जाळीतून घाण पाणी वर येतंय. काका म्हणतात, त्यांच्याकडे काहीच त्रास नाही. 'घाण तुमची, खर्च तुमचा, आणि माझी फरशी फुटू देणार नाही.' माझा मुलगा म्हणतो, जमीन काकांची म्हणजे पाइप काकांचा, दुरुस्तीही त्यांनीच करायची, आपण वकिलाची नोटीस पाठवू. मध्यंतरी आम्ही वर एक खोली, बाथरूम आणि वॉशिंग मशिनची सोय केली, पण त्याचा याच्याशी काही संबंध नसावा. नेमकी जबाबदारी कोणाची? इतक्या वर्षांचा शेजार मोडायची इच्छा नाही, पण हे आता सहन होत नाही."

ताई, नमस्कार.

काकांचं म्हणणं बरोबर नाही आणि तुमच्या मुलाचंही नाही. काका घाण कोणाची ते बघताहेत, मुलगा जमीन कोणाची ते बघतोय. सामाईक लाइनचा हिशोब या दोन्हींनी लागत नाही. लाइनच्या कुठल्या तुकड्यातून कोणाकोणाचं पाणी वाहतं आणि बिघाड कुठल्या तुकड्यात, कशामुळे झाला, यावर तो लागतो. तुमच्या पत्रात बिघाडाची जागा कोणी शोधल्याचा उल्लेखच नाही. महिनाभर दोन्ही घरं निव्वळ अंदाजावर भांडताहेत.

जागा कशी शोधायची ते सांगते, पण आधी आजच्या आज करायच्या गोष्टी. वरचं बाथरूम आणि वॉशिंग मशिन बंद ठेवा. वर सोडलेली प्रत्येक बादली खालच्या जाळीतूनच बाहेर येणार आहे. वर आलेल्या पाण्यात मैल्याचं पाणी असतं. ते हातमोजे घालूनच पुसा, लहान मुलांना त्या बाथरूमपासून लांब ठेवा. जाळीत अ‍ॅसिड ओतू नका. पुढे पाइप साचलेला असेल तर अ‍ॅसिड तिथेच तुंबून राहतं, आणि नंतर चेंबर उघडणाऱ्या माणसाच्या अंगावर उडतं. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर क्लोरीन वायू तयार होतो, तोही बंद बाथरूममध्ये. आणि काहीही झालं तरी चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. तिथे हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. सुरुवातीला त्याची दुर्गंधी येते, पण प्रमाण वाढलं की नाकाला वास कळेनासाच होतो आणि माणसाला वाटतं धोका टळला. अशाने माणसं मेली आहेत, त्यांना वाचवायला उतरलेलीही मेली आहेत. भारतात संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला लावणं हा २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. घरगुती लाइनचं काम वरूनच, सळई, स्प्रिंग किंवा जेटिंगच्या, म्हणजे जोराने पाण्याचा झोत मारणाऱ्या, पाइपने होतं. कोणी "दोन मिनिटांत उतरून काढतो" म्हणालं तर त्याला ठाम नाही म्हणा.

आता जागेचा शोध. तुमच्या हद्दीतलं शेवटचं चेंबर उघडा. ते रिकामं असेल आणि तरीही बाथरूममध्ये पाणी वर येत असेल, तर अडथळा तुमच्याच घरात आहे आणि काकांशी बोलण्यासारखं काही उरत नाही. ते काठोकाठ भरलेलं असेल तर अडथळा त्याच्या पुढे, म्हणजे काकांच्या अंगणाखाली किंवा त्याहीपुढे रस्त्याकडे आहे. रस्त्याकडचं चेंबर बघायला मिळालं तर तेही बघा. तेसुद्धा तुंबलेलं असेल तर बिघाड मोठ्या लाइनमध्ये असू शकतो. मग तक्रार ज्या संस्थेकडे ती लाइन आहे तिच्याकडे करायची, आणि ती तुम्ही दोघांनी मिळून करायची.

समजा तुमचं चेंबर भरलंय आणि रस्त्याकडचं मोकळं आहे. मग काकांचं "आम्हाला त्रास नाही" हे वाक्य फार महत्त्वाचं ठरतं. ते पूर्ण खरं असेल तर अडथळा तुमच्या चेंबरपासून काकांच्या चेंबरपर्यंतच्या तुकड्यात असण्याची शक्यता जास्त. त्या तुकड्यातून फक्त तुमचं पाणी जातं. अशा वेळी पाइप काकांच्या जमिनीत असला तरी दुरुस्ती तुमची, हे मुलाला समजावून सांगावं लागेल.

पण इथे घाईने निष्कर्ष काढू नका. तुंबलेलं पाणी अडथळ्याच्या मागे जेवढी उघडी तोंडं असतील, त्यांतल्या सगळ्यांत खालच्या तोंडातून बाहेर पडतं. तुमच्या बाथरूमची जमीन काकांच्या न्हाणीघरापेक्षा चार बोटं जरी खाली असेल, तरी दोन्ही घरांच्या पुढे, सामाईक तुकड्यात अडथळा असताना पाणी तुमच्याच जाळीतून येईल. काकांना काहीच जाणवणार नाही. त्यांच्या घरचं पाणी तुमच्या बाथरूममध्ये वर येत असेल आणि ते मनापासून म्हणत असतील की आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणून दोन्ही घरांच्या जाळ्यांची पातळी मोजून घ्या. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून ती काढतो, फार वेळ लागत नाही. सोपी खात्री हवी असेल तर एक दिवस तुमच्या घरातलं पाणी पूर्ण बंद ठेवा आणि काकांना त्यांच्याकडे भरपूर पाणी सोडायला सांगा. तुमच्या चेंबरची पातळी वाढली तर अडथळा सामाईक तुकड्यात आहे. त्यासाठी काका तयार व्हायला हवेत. ते कसं साधायचं ते पुढे सांगते.

याहून पक्की गोष्ट म्हणजे कॅमेरा. ड्रेनेजमध्ये सोडायचे कॅमेरे आता सहज मिळतात. तुमच्या चेंबरमधून लांब केबलवर कॅमेरा आत जातो, फरशीला हातही लागत नाही. तुंबलेल्या पाण्यात तो काही दाखवणार नाही, म्हणून आधी उपसा करून किंवा स्प्रिंग मारून वाट थोडी मोकळी करावी लागते. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या तोंडाशी सिग्नल देणारं यंत्र असतं, त्यामुळे जमिनीवर उभं राहून तो नेमका कुठे, किती खोल आहे ते कळतं. काकांची भीती अख्खं अंगण उखडलं जाण्याची आहे. एक-दोन फरश्या काढून काम होणार असेल तर त्यांचा सूर नक्की बदलेल.

कॅमेऱ्यात काय दिसतं यावर पैशाचा अर्धा प्रश्न सुटतो. तेल-तुपाचा थर साचलेला असेल तर तो स्वयंपाकघराच्या पाण्यातून आलेला आहे. कढत तेल पाइपमध्ये गार होऊन चिकटतं आणि त्यावर बाकीचं अडकतं. ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, कापडाचे तुकडे दिसले तर ते संडासातून गेले आहेत. मुळं दिसली तर कोणाच्या झाडाची ते बघावं लागेल. जुन्या चिनीमातीच्या पाइपांचे सांधे सिमेंटचे असतात, त्यांना बारीक चीर गेली की मुळं ओलाव्याच्या मागे आत शिरतात. पाइप मध्येच बसलेला किंवा फुटलेला असेल, किंवा चेंबरमध्ये सिमेंटचा माल पडून घट्ट झाला असेल, तर दोन वर्षांपूर्वीच्या फरशीकामाकडे बोट जातं. आणि पाइप नीट असून पाणी जागोजागी साचून राहिलेलं दिसलं तर उतार चुकलेला आहे. चार इंची पाइपला जुन्या नियमाप्रमाणे चाळीसास एक उतार लागतो, म्हणजे चार मीटरमागे दहा सेंटिमीटर. सहा इंचीला साठास एक चालतो. उतार कमी पडला की पाणी पुढे जातं आणि घट्ट मैला मागे राहतो.

आता कोणी किती द्यायचं. ज्या तुकड्यातून एकाच घराचं पाणी जातं तो त्या घराचा, मग तो कोणाच्याही जमिनीत असो. ज्या तुकड्यातून दोघांचं जातं तो दोघांचा. तुमचं घर वरच्या अंगाला आहे, म्हणून तुमचं पाणी अख्खी लाइन वापरतं. काकांचं पाणी त्यांच्या चेंबरपासून पुढेच वापरतं. तेव्हा तिथपर्यंतचा खर्च तुमचा आणि तिथून रस्त्यापर्यंतचा दोघांत विभागून. माझ्या मते तो निम्मा-निम्मा करावा. माणसं मोजून, नळ मोजून भाग पाडायला गेलात तर हिशोबच वर्षभर चालेल. याला एकच अपवाद, आणि तो महत्त्वाचा आहे : बिघाड एकाच्या चुकीने झाल्याचं उघड दिसत असेल तर तो खर्च त्याचा. काकांच्या गवंड्याने चेंबरमध्ये माल पाडला असेल तर काकांचा. तुमच्या संडासातून पॅड गेले असतील तर तुमचा.

कायदाही साधारण याच वाटेने जातो. दुसऱ्याच्या जमिनीतून आपलं पाणी नेण्याचा हक्क फार जुना आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने रोमन कायद्याचा जो संग्रह करवला, त्यात गटारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्याचं गटार शेजाऱ्याच्या घरातून जातं त्याला ते साफ आणि दुरुस्त करण्यापासून कोणी बळाने अडवू नये, असा तिथे हुकूम आहे. कारण दिलंय ते आरोग्याचं : तुंबलेल्या गटारांनी हवा दूषित होते आणि इमारतीही धोक्यात येतात. मात्र साफ करणाऱ्याने शेजाऱ्याच्या नुकसानीची हमी द्यायची.

भारतात १८८२चा इझमेंट अ‍ॅक्ट आहे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वापराच्या हक्काचा कायदा. त्याच्या कलम १३मध्ये तुमच्यासारखंच उदाहरण दिलंय : एका मालकाची शेजारशेजारची दोन घरं, दोन्हींचं गटार सामाईक, त्याने एक घर विकलं. विकत घेणाऱ्याला त्या गटाराचा उपयोग करण्याचा हक्क राहतो. तुमच्या दोन्ही घरांचा मूळ मालक एकच होता, हे तुमच्या बाजूचं सगळ्यांत भक्कम कारण आहे. खरेदीखतं आणि बांधकामाचा जुना नकाशा काढून ठेवा. कलम २४प्रमाणे हा हक्क वापरण्यासाठी लागेल ते काम करायला, त्यात अंगणात जाऊन खणणंही आलं, तुम्हाला मुभा आहे. पण शेजाऱ्याला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने आणि अशा वेळी, आणि झालेली मोडतोड शक्य तितकी दुरुस्त करून द्यायची. कलम २५ म्हणतं, दुरुस्तीचा खर्च हक्क भोगणाऱ्याने करायचा. इथे तुमच्या मुलाचा मुद्दा निकालात निघतो. जमीन ज्याची आहे त्याच्यावर दुसऱ्यासाठी पाइप नीट ठेवण्याचं बंधन नाही. कलम २६ तर सांगतं की तुमचा पाइप दुरुस्त न ठेवल्यामुळे काकांचं नुकसान झालं तर भरपाई तुम्ही द्यायची. कलम २७मध्ये दुसरी बाजू आहे : काकांनी काही करून द्यायची गरज नाही, पण तुमच्या हक्काला अडथळा होईल असं काही त्यांनी करायचंही नाही. चेंबर फरशीखाली बुजवणं आणि उघडू न देणं हे त्यात बसतं, असं मला स्पष्ट वाटतं.

इंग्लंड आणि वेल्सने वेगळा मार्ग काढला. तिथे एकाहून जास्त घरांच्या वापरातल्या आणि सार्वजनिक लाइनला जोडलेल्या बहुतेक खासगी लाइन १ ऑक्टोबर २०११ रोजी पाणी-कंपन्यांच्या ताब्यात गेल्या. त्यामुळे सामाईक तुकडा तुंबला तर शेजाऱ्यांना एकमेकांकडे पैसे मागावे लागत नाहीत. जिथे अशी सोय नाही तिथे हद्दीच्या आतली लाइन सहसा घरमालकांचीच राहते.

आता तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेलं वाक्य. वरची खोली, बाथरूम, वॉशिंग मशिन. "संबंध नसावा" असं तुम्ही लिहिलंय, पण संबंध आहे. मशिनचं पाणी थेंबाथेंबाने जात नाही. पंप ते एकदम ढकलतो. अर्धवट तुंबलेल्या पाइपला शांत वाहणारं पाणी जेमतेम पेलतं, असा लोंढा पेलत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इझमेंट अ‍ॅक्टचंच कलम २९. आपल्या घरात भर घालून दुसऱ्याच्या जमिनीवरचा भार मोठ्या प्रमाणात वाढवता येत नाही. एका बाथरूमने तुमचा हक्क जाईल असं मी म्हणत नाही. पण नोटीस पाठवलीत तर समोरचा वकील पहिलं बोट इथेच ठेवेल. वर बांधताना काकांना विचारलं होतं का? लाइन पुरेल का हे कोणा प्लंबरकडून तपासून घेतलं होतं का? तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून बहुधा नसावं. गच्चीचं पावसाचं पाणी याच लाइनला सोडलेलं असेल तर ते आधी तोडून वेगळं करा. मैल्याच्या लाइनला पावसाचं पाणी जोडणं ही दर पावसाळ्यात दोन्ही घरं तुंबवायची हमी आहे.

म्हणून काकांकडे जाताना मुलाला "आम्ही हक्काने आलोय" असं म्हणू देऊ नका. तुम्ही स्वतः जा, आणि बोलायला सुरुवात त्या बाथरूमपासून करा : "काका, आम्ही वर बांधकाम केलं तेव्हा तुम्हाला विचारायला हवं होतं. ते राहिलं." हे तुमच्याकडून आधी आलं की पुढचं सगळं सोपं होतं. मग त्यांना घरी बोलावून ती जाळी दाखवा. त्यांनी अजून ते पाणी पाहिलं नसेल. लोकांना तक्रार ऐकून राग येतो, पण शेजाऱ्याच्या बाथरूममध्ये उभा असलेला मैला पाहून कोणी सहसा "तुमचं तुम्ही बघा" म्हणत नाही. मग एवढंच मागा : कॅमेरा टाकू द्या, त्याचा खर्च आम्ही करतो, आणि जे दिसेल ते दोघं मिळून बघू. कॅमेऱ्याचा खर्च उचलण्याने तुमचा काही हक्क जात नाही. पुढे बिघाड सामाईक तुकड्यात निघाला तर त्यातला अर्धा भाग मागता येतो, आणि नाही मागितला तरी तो तुमच्या घरातल्या स्वच्छतेपुढे काहीच नाही.

फरशीचं आधीच स्पष्ट सांगा : जेवढी काढू तेवढी त्याच प्रकारची, आमच्या खर्चाने बसवून देऊ. जुळणाऱ्या फरश्या मिळतात का ते फोडायच्या आधी बघा. काकांच्या घरी उरलेल्या चार-दोन पडलेल्याही असतील. आणि चेंबर पुन्हा बुजवू नका. ज्याच्या आत फरशी बसवता येते अशी खोलगट झाकणं मिळतात. वरून अंगण सलग दिसतं आणि हवं तेव्हा झाकण उचलता येतं. चेंबर त्यांनी बुजवलं असलं तरी या झाकणाचे पैसे तुम्ही द्यावेत असं मला वाटतं. कडक हिशोबाने ते त्यांच्याकडे निघतील, पण रक्कम लहान आहे आणि पुढची अनेक वर्षं ते झाकण सगळ्यांत जास्त तुमच्याच उपयोगी पडणार आहे.

तुमची जाळी खालच्या पातळीवर आहे असं मोजणीत निघालं, तर तुमच्या चेंबरजवळ पाणी उलट येऊ न देणारी झडप बसवून घ्या. प्लंबर तिला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात. ती तुमच्या संरक्षणासाठी आहे, खर्चही तुमचाच. मात्र ती अधूनमधून उघडून साफ करावी लागते, आणि ती बंद असताना तुमचं पाणीही बाहेर जाऊ शकत नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

काकांनी तरीही नकार दिला तर? मध्ये एखादा दोघांच्या विश्वासातला माणूस घाला. तेही जमलं नाही तर स्थानिक संस्थेच्या आरोग्य किंवा ड्रेनेज विभागाकडे लेखी तक्रार करा. मैलापाणी घरात येणं हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे आणि पाहणी करायला माणूस पाठवणं त्यांचं काम आहे. वकिलाची नोटीस त्यानंतर. आणि ती पाठवायचीच झाली तर "दुरुस्ती करून द्या" अशी नको, "आम्हाला आमच्या खर्चाने दुरुस्ती करू द्या, अडवू नका" अशी असू दे. पहिली मागणी टिकायला कठीण आहे, दुसरीला आधार आहे.

काम झालं की एक कागद करा, काम चालू असतानाच केलात तर अधिक चांगलं, कारण पाइप उघडा असतो तेव्हाच त्याचा खरा मार्ग दिसतो. मोबाइलवर फोटो काढा, भिंतीपासूनचं अंतर आणि खोली मोजून साधा नकाशा काढा. त्यावर लिहा : कुठपर्यंतचा तुकडा एका घराचा, कुठून दोघांचा, खर्च कसा वाटायचा, चेंबर उघडायचं असेल तर किती आधी सांगायचं, तातडीच्या वेळी काय, वर्षातून एकदा सफाई कोणी बोलवायची. दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. तुमच्या दोघांपुरतं हे पुरेसं आहे, पण उद्या काकांनी घर विकलं तर नवा मालक "मी सही केलेली नाही" म्हणू शकतो. त्यामुळे वकिलाकडून त्याचा रीतसर करार करून नोंदवून घेता आला तर जरूर घ्या आणि दोन्ही घरांच्या खरेदीखतांसोबत त्याची प्रत ठेवा.

या आठवड्यात मात्र फक्त दोन कामं करा. तुमचं मागचं चेंबर उघडून बघा, आणि त्यात काय दिसलं ते घेऊन संध्याकाळी काकांकडे जा.